कशामुळेच नाही

“रंगामुळे नाही,” डॉक्टर म्हणाल्या.

नवऱ्याने सुस्कारा सोडला. एवढंच ऐकण्यासाठी त्याने कितीतरी दवाखाने पालथे घातले होते. मांडीवरच्या मुलाचं कललेलं डोकं त्याने हाताने सावरलं. मुलगा चार वर्षांचा झाला, तरी अजून मान धरत नव्हता.

बायको दुकानांच्या पाट्या रंगवायची. पोटुशी असतानाही शिडीवर चढून, टर्पेंटाइनच्या वासात ती अक्षरं काढत होती. मुलाचं दुखणं कळलं त्या दिवशी तिने ब्रश माळ्यावर टाकले. थोरली जाऊ येता-जाता टोमणा मारायची, “पोरं आम्हालाही झाली. पण आम्ही नव्हतो बाई शिडीवर लोंबकळत.” नवरा भांडायला उठे. बायको त्यालाच गप्प करी. “खरंच आहे त्यांचं,” म्हणे.

“मग कशामुळे झालं?” आता तिने डॉक्टरांना विचारलं.

“पेशींची नक्कल होताना जनुकातलं एक अक्षर चुकलं. तुम्हा दोघांच्या रक्तात तो दोष नाही.”

“पण ते चुकलं कशामुळे?”

“कशामुळेच नाही. चुकतं कधीकधी. तुम्ही नुसत्या घरात बसून राहिल्या असतात, तरी चुकू शकलं असतं.”

“आणि पुन्हा?”

“शक्यता फार कमी. पण नाहीच, असं कुणीच सांगू शकणार नाही.”

रस्त्यावर आल्यावर नवऱ्याच्या तोंडाला खळ नव्हता. “ऐकलंस ना? आता वहिनींना मी बघतोच. आणि तू आजच ब्रश खाली काढ. वाळून खराटे झाले असतील. तो कोपऱ्यावरचा न्हावी अजून तुझीच वाट बघतोय. त्याच्या पाटीवरचा ‘के’ कधीच उडालाय. नुसतं ‘शकर्तनालय’ उरलंय!”

ती हसली नाही. चालता चालता थांबली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर मटकन बसली.

“अगं, काय झालं? सुटलीस तू!”

“मला पुन्हा दिवस गेलेत,” ती म्हणाली. “तुला आज सांगणारच होते. निर्धास्त होते मी. या खेपेला रंगाला हातसुद्धा लावला नव्हता.”

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने मान वर केली.

“आता सांग, मी काय टाळू?”