बाबांचं जुनं व्हर्जन

“बाबा, तुमचं जुनं व्हर्जन म्हणजे बैलगाडी!” एका पासपोर्ट फोटोवर एडिटिंग सॉफ्टवेअरच्या जुन्या-नव्या दोन्ही व्हर्जनची वेळ मोबाइलवर मोजून अन्विताने स्टुडिओतल्या गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं, आणि जुनं कॉम्प्युटरवरून काढूनच टाकलं.

तेवढ्यात एक काका आपल्या आईचा डागाळलेला फोटो घेऊन आले. “आज तेरावं आहे. हार घालायला मोठा करून द्या.”

“पाच मिनिटांत देते, काका!” तिने ऐटीत स्टॉपवॉच लावलं. एवढा मोठा फोटो उघडताच नव्या व्हर्जनने कॉम्प्युटरची सगळी मेमरी खाल्ली. आजींचा चेहरा अर्धा उजळला आणि स्क्रीन थिजली.

“माझं मशीनच म्हातारं झालंय, माफ करा,” म्हणत बाबांनी कपाटातून जुन्या व्हर्जनची सीडी काढून लावली.

फोटो हातात पडल्यावर काकांनी अन्विताच्या डोक्यावर हात ठेवला. “हुशार आहे तुमची लेक.”

“आहेच,” बाबा म्हणाले.

तिची मान वर होईना. हातातलं स्टॉपवॉच अजून पळत होतं: एक्केचाळीस मिनिटं.