गोल पडलं पाहिजे

"दात सोड, पोरी! दात!"

येनेरिसने दात सोडले नाहीत. जाळं गेलं, जाळ्यामागोमाग ती गेली, आणि होडीत उरला एकटा फुल्हेन्सिओ, तिचा धर्मबाप, तिचा पाद्रिनो, कपाळाला हात लावून. शेजारच्या ओट्यावर मासे साफ करणारी तोमासा खो खो हसली. अख्खं गाव पाण्यात खांबांवर उभं. इथे कुणाची फजिती लपायची सोयच नव्हती.

"काय गं, कोळंबी हातानं धरायला निघालीस?"

"तिला आमंत्रण द्यायला गेले होते!" येनेरिस पाण्यातूनच ओरडली आणि जिभेने दात चाचपले. सगळे जागेवर होते.

जाळ्याची शिसं लावलेली कड दातांत धरायची. थोडं जाळं कोपरावर, उरलेलं मुठीत, दोरीचा फास डाव्या मनगटात. मग कमरेतून गिरकी, हात सुटले की त्याच क्षणी दात. जरा आधी सोडले तर जाळ्याचं केळं होतं. उशिरा सोडले तर माणसाची येनेरिस होते.

जाळं तिनंच निवडलं होतं. फुल्हेन्सिओने दोन आणली होती, दोन्ही कोळंबीचीच, बारीक विणीची. एक हलकं, सहज उघडणारं. दुसरं जड शिशाचं, खांदे मोडून काढणारं, पण पडलं की सरळ तळ गाठणारं.

"शिकायला हलकं घे."

"तिथे पाणी खोल आहे, पाद्रिनो. हलकं जाळं वाटेतच मिटेल."

'तिथे' म्हणजे कुठे, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खारफुटीच्या पलीकडे, जिथे तिच्या बाबांची, अदालबेर्तोची होडी उपडी सापडली होती. फक्त होडी.

या तळ्यावरची रीत अशी की, ज्याचा देह पाण्याने परत दिला नाही त्याच्यासाठी नऊ रात्रींची प्रार्थना बसत नाही. त्याच्या रक्ताच्या माणसाने तो बुडाला तिथे जाऊन जाळं टाकायचं. ते पूर्ण गोल पडलं पाहिजे. गोल पडलं की तो गेला. तोवर तो गेलेला नाही, आणि त्याची बायको ना सवाष्ण, ना विधवा.

येनेरिसची आई, दिओसेलिना, तशी अधांतरी झाली होती. वल्ह्याचा आवाज आला की दार उघडायची. रोज संध्याकाळी त्याच्या वाटणीचे युकाचे कंद उकडायची, सकाळी फळ्यांच्या फटीतून माशांना टाकायची. आडवं होऊन झोपणं तिने सोडलंच होतं. गालांची हाडं वर आली होती. रडली मात्र एकदाही नव्हती. न गेलेल्या माणसासाठी कसं रडणार?

"मी तिला रडवणार आहे," येनेरिसने फुल्हेन्सिओला ठणकावून सांगितलं होतं. "मनसोक्त. मग ती झोपेल."

शाळेतून आली की दप्तर भिरकावून ती होडीत. जाळ्याचं केळं झालं, मक्याच्या भाकरीसारखा चपटा अरेपा झाला, एकदा तर तोमासाच्या मते वाळत घातलेली चड्डी झाली. दंड सुजले. ओठ शिशाने काळे पडले. आणि मग एका दुपारी हात सुटले, दात सुटले, आणि जड जाळं हवेत असं काही उघडलं की तोमासाची सुरी थांबली.

"आता चल," येनेरिस म्हणाली.

फुल्हेन्सिओने लगेच हो म्हटलं नाही. "पुन्हा टाक," म्हणाला. तिने टाकलं. गोल. "पुन्हा." गोल. शेवटी त्याने मान हलवली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

रविवारी सगळ्या होड्या खारफुटीपलीकडे जमल्या. वारा पडलेला होता. आई तोमासाच्या होडीत बसली होती, पांढऱ्या झग्यात, मांडीवर काळं पोलकं घडी घालून. येनेरिस होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर उभी राहिली. तिने कड दातांत धरली, गिरकी घेतली आणि सोडलं.

इतकं गोल पडलं की तिचा तिलाच विश्वास बसेना. शिसं एकदम पाण्यावर आपटलं, जाळं खाली गेलं, आणि लाटांची कडी रुंदावत होड्यांना येऊन टेकली.

"गेला गं बाई," तोमासाने छातीवर क्रूस काढला. "गेला अदालबेर्तो."

आईच्या घशातून आवाज फुटला. इतके महिने कोंडलेला, जनावरासारखा. रडत रडत ती काळं पोलकं अंगात चढवू लागली.

तेवढ्यात येनेरिसच्या मनगटाला हिसका बसला.

दोनदा. मग जरा थांबून पुन्हा दोनदा. मासा असा ओढत नाही. मूळ असं ओढत नाही. पहाटे होडीवर न्यायचं असलं की बाबा अंधारात तिचं मनगट धरून तिला असंच उठवायचे.

तिच्या तोंडचा रंग उडाला असावा, कारण आईचं रडणं थांबलं.

"काय गं? काय आहे जाळ्यात?"

आईचा एक हात काळ्या बाहीत होता, दुसरा अजून बाहेर. डोळे दाराकडे लागायचे तसेच आता येनेरिसकडे लागले होते. खालून पुन्हा ओढ आली. हळू, लाडाने.

"कोळंबी आहे, आई," येनेरिस म्हणाली. "पुष्कळ आहे."

आईने तिच्याकडे क्षणभर पाहिलं. मग दुसरा हात बाहीत घातला आणि ती पुन्हा रडू लागली, आता मऊ, थकलेलं, झोपेच्या वाटेवरचं. बायकांनी तिला कवेत घेतलं.

फुल्हेन्सिओ वल्हं ठेवून मागून आला आणि त्याने येनेरिसच्या मनगटावरून ताठलेली दोरी धरली. खालची ओढ त्याच्याही हाताला लागली.

"सावकाश ओढ, पोरी," तो तिच्या कानाशी म्हणाला. "माझ्या बुडालेल्या भावाच्या वेळी मीही माझ्या आईला कोळंबीच सांगितलं होतं."