चाळीस रुग्ण

मेंदूविकारांवर एकशे बारा शोधनिबंध लिहिलेला डॉ. अविनाश आज मेहकरच्या तालुका दवाखान्यात आईच्या खाटेपाशी उभा होता. तो डोणगावला तिच्याकडे आलेला असतानाच सकाळी तिला लकवा मारला होता. तिथल्या तरुण डॉक्टरने रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पूर्ण भरलं, तसा अविनाश ओरडला, "थांबा! अठ्ठ्याहत्तर वय आहे तिचं. अर्धंच द्या!"

"काऊन घाबरून राह्यले, सर?" डॉक्टर हसला. "म्हाताऱ्या माणसाले पूर्ण डोस चालते, हे तुम्हीच तर सिद्ध केलं. तुमच्या डोणगावचे चाळीस रुग्ण, अन् एकाच्याही मेंदूत रक्तस्राव नाही! नऊशे पेपरांत लोक तुमचा दाखला देतात, सर."

आई वाकड्या तोंडाने कशीबशी बोलली, "टोच बाप्पा. माह्या लेकानं लिहेल हाय ते."

अविनाशने डॉक्टरचं मनगट धरायला हात पुढे केला, आणि मागे घेतला. सुई आईच्या हाताच्या शिरेला टेकली.

 

ते चाळीसही रुग्ण त्याने पुण्यात खुर्चीवर बसून गावच्या मतदार यादीतून उतरवून घेतले होते, आणि सतराव्या ओळीत, 'पूर्ण बरी' या शेऱ्यासमोर, आईचंच नाव होतं.