पिवळा बाण

मेडशीच्या जंगलातून काढून आणलेली पत्र्याची पाटी तुळसाबाईंनी माझ्या दुकानात, मंडळाच्या बैठकीत, टेबलावर ठेवली. पाटी मीच रंगवलेली. पोपट वाचवायला आम्ही मंडळ काढलं, मला पेंटरला अध्यक्ष केलं, आणि मी हौसेनं अकरा पाट्या रंगवल्या. खांद्यावर लाल डाग असलेला पहाडी पोपट, खाली ‘इथे घरटं आहे, हात लावू नका’, आणि लोकांना नेमकं कळावं म्हणून झाडाच्या ढोलीकडे रोखलेला पिवळा बाण. या पाट्या झाडांना ठोकायच्या ठरावाला सगळ्यांनी हात वर केले होते, मोहफुलं वेचण्यात जन्म गेलेल्या तुळसाबाई सोडून. ‘सैफूभाई, ज्याले ढोली ठाऊक हाय, तो हात लावत नाही. ज्याले ठाऊक नाही, त्याले कायले सांगता?’ त्या म्हणाल्या, तेव्हा आम्ही हसलो होतो. पिल्लं चोरून विकणाऱ्यांनी पंधरा दिवसांत अकराही ढोल्या रिकाम्या केल्या. त्यांना शोधावंसुद्धा लागलं नाही. ‘मावशी, एखादी तरी ढोली राह्यली काय?’ मी विचारलं. ‘राह्यली एक, बिनपाटीची. दोन पिल्लं हायेत.’ सगळे ताडकन उठले. ‘कोन्त्या झाडावर?’ तुळसाबाईंनी माझ्या नखांतल्या पिवळ्या रंगाकडे पाहिलं. ‘ते नाही सांगत तुमाले,’ म्हणाल्या, आणि पदर खोचून बाहेर पडल्या. मंडळी त्यांच्या मागे निघाली, तसा मी दारात आडवा उभा राहिलो. अध्यक्ष म्हणून तेवढं एकच काम माझ्या हातून नीट झालं.