तारेनं बांधलेले आरसे

"मान वळत नाय तुझी, अन् माझा ट्रॅक्टर घेऊन आला? चावी दे इकडं." खंडेरावतात्या पॅकहाऊसच्या दारातूनच ओरडले.

कुंदननं चावी दिली नाही. "याचा ड्रायव्हर आज आला नाय, तात्या. बायकांनी सकाळपासून द्राक्षं तोडून ठेवलेली. उन्हात सोडू का?"

"मागं बघणार कसा रं तू?"

कुंदननं ट्रॅक्टरकडं हात केला. दोन्ही बाजूंना ट्रकचे जुने आरसे तारेनं बांधलेले. भंगारातून आणलेले, त्याचे स्वतःचे. त्याच्या मानेतले वरचे मणके जन्मापासून एकमेकांना चिकटलेत. कुणी हाक मारली तर अख्खं अंग फिरवावं लागतं. डॉक्टरांनी बजावलेलं, काही कर, मानेला हिसका बसू देऊ नको.

"काढ ते आरसे. एक्सपोर्टचा माल हाय हा. आता दत्तू आणंल सगळा."

दत्तू तात्यांचाच दुसरा ट्रॅक्टर घेऊन आत्ताच आलेला, त्याच रस्त्यानं. "हा गेटातून आला तर मला वाटलं, बुजगावणंच बसलंय स्टेरिंगवर," तो म्हणाला.

कुंदन तार सोडायला लागला. लय जोरात.

माल तपासायला उज्वलाताई होती. तिनं आधी दत्तूच्या ट्रॉलीतलं क्रेट घेतलं. घड बाजूला ठेवले, तळाचा कागद झटकला. घडातून सुटलेले ओंजळभर मणी टेबलावर गडगडले.

"दणके बसलेत," ती म्हणाली.

मग कुंदनचं क्रेट. कागद झटकला. दोन मणी. दुसरं घेतलं. एकपण नाही. तिसऱ्यातही नाही. ती तात्यांकडं बघायला लागली.

"इतकं हळू आणलं होय?" तात्यांनी विचारलं.

"दत्तूभाऊच्या मागोमाग आलो. विचारा त्याला."

दत्तूनं टॉवेलनं तोंड पुसलं.

"मग?" तात्या कुंदनकडं वळले.

"खड्डा आला की तुमच्या मालाच्या आधी माझ्या मानेला लागतो, तात्या. मी दणका बसूच देत नाय."

एक आरसा अर्ध्या तारेवर लोंबत होता. तात्यांनी तो उचलून धरला. दत्तूकडून पक्कड मागून घेतली. तार पिळली, वर अजून दोन वेढे मारले.

"बघ हलतो का."

"नाय हलत."

"चहा घे."

कुंदन सीटवर चढला. "चहा नको. अर्धा माल बागेतच हाय, ऊन चढतंय. मला निघायला पाहिजे."