शनिवारचा बिघाड

रविवारचे अकरा वाजून गेले तरी लेक आली नव्हती, आणि लॅपटॉपच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

ऑपरेटरबाई खिडकीशी गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौतीस वर्षं काढलेल्या बाईला असं लुकलुकणं बघवत नाही. कुणीतरी लाइनवर ताटकळतंय असंच वाटत राहतं.

बिघाड काही नवा नव्हता. दर शनिवारी काहीतरी बिघडायचंच. कधी वायफाय रुसायचं, कधी कीबोर्ड भलतीच अक्षरं उठवायचा. आणि बिघडायचं कसलं, बाई स्वतःच बिघडवायच्या, दुपारी तीनच्या ठोक्याला.

यजमान गेले त्या वर्षी लेकीने जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स घालून दिलं. "फुकट आहे आणि हवं तसं बदलता येतं," म्हणाली. पुढे ते एकदा खरंच आपसूक बिघडलं, तर एरवी महिना महिना न फिरकणारी लेक तासाभरात दारात हजर. बाईंनी ते बरोबर हेरलं. वाचनालयातून जाडजूड पुस्तक आणलं, कमांडा शिकल्या, पिठाच्या डब्यामागे एक वही लपवली. नियम दोनच. एक बिघाड दुसऱ्यांदा करायचा नाही, आणि उलटा फिरवता येईल असाच करायचा. लेकीसमोर मात्र माउस धरताना हात थरथरल्याचं सोंग.

लेक यायची, भिंतीला पाठ लावून बसायची, पडदा स्वतःकडे वळवायची. "या वेळी अवघड आहे गं," म्हणायची. तीन तास सहज जायचे. त्यात दोनदा चहा, शेजारणीच्या उखाळ्यापाखाळ्या, बाबांच्या आठवणी. पोरगी आठवडाभर राबते आणि आपण तिचा रविवारही गिळतो, याची बाईंना लाज वाटायची. पण सोमवार उजाडला की घर खायला उठायचं, आणि लाज कुठल्या कुठे पळायची.

काल मात्र खेळ अंगाशी आला. स्पीकर चालवणारा एक लहानसा प्रोग्राम तेवढा काढायचा होता. मशीनने विचारलं, याच्यासोबत आणखी इतकं जाईल, चालेल का? खाली मारुतीच्या शेपटीएवढी यादी. ती न वाचताच बाईंनी सवयीने 'हो' दाबलं, आणि अर्धं मशीन उठून गेलं.

आत यजमानांचा आवाज होता. शेवटच्या आजारपणात ते लॅपटॉपपुढे बसून लहानपणीच्या गोष्टी सांगायचे. बावीस रेकॉर्डिंगं, आणि दुसरी प्रत कुठेच नाही.

फोन वाजला.

"आई, आज नाही जमत गं. ऑफिसात सर्व्हर आडवा पडलाय."

"बरं."

"तुझा लॅपटॉप कसा आहे?"

"रुसलाय जरा. आपसूकच."

"आपसूकच, हो का?" बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"घाबरू नकोस. पुढच्या रविवारी बघते. तोवर बंद करून ठेव."

आठ दिवस. खरं सांगून टाकावं असं जिभेवर आलं होतं, पण मग दर रविवारी यायला लेकीला कारण काय उरणार? बाईंनी फोन ठेवला आणि पुस्तक काढलं.

वहीत या बिघाडाला उतारा नव्हता. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात एक वाट सापडली. मशीनची स्थिती वेळोवेळी साठवायची सोय कुणी आधी करून ठेवली असेल, तर मशीन सुरू होताना एक कळ दाबून धरली की जुन्या स्थितींची यादी येते. एक ओळ निवडायची, मशीन मागे जातं. अशी सोय असती तर लेक तीन तीन तास कशाला घाम गाळत बसली असती? तरी बुडत्याला काडीचा आधार. बाईंनी कळ दाबून धरली.

यादी आली. चष्मा कपाळावर, जीव मुठीत. बाईंनी वरची पहिली ओळ निवडली. मिनिटभरात नेहमीचा निळा पडदा उघडला. रेकॉर्डिंगं मोजली. बावीस. एक लावलं, यजमान खोकले आणि बोलू लागले. बाई पदरात तोंड घालून रडल्या.

डोळे पुसताना घड्याळाकडे लक्ष गेलं. एक मिनिट. जेमतेम एक मिनिट लागलं होतं.

त्यांनी लॅपटॉप बंद केला, पुन्हा सुरू केला, कळ दाबून धरली आणि चष्मा नाकावर ओढला. यादी खाली सरकवली तरी संपेना. दीड वर्षाच्या तारखा, सगळे शनिवार, दुपारी दोन वाजताचे. प्रत्येक तारखेपुढे लेकीने रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच. बाईंनी बोट ठेवून एकेक अक्षर लावलं.

'आई बिघडवायच्या आधी.'