तिसरा भोपळा

"धोका पत्करेल तोच खरा जगेल!" विहिरीच्या काठावरून मी जाहीर केलं. पाठीला दोन वाळके भोपळे बांधलेले होते, त्यामुळे आवाज भारदस्त निघाला. पाय मात्र जागचे हलले नाहीत.

शेजारी बायको उभी होती. बाराव्या वर्षी ती माहेरच्या याच विहिरीत बुडता बुडता वाचली होती. त्यानंतर पन्नास वर्षं तिने इथे डोकावूनही पाहिलं नव्हतं. यंदा मात्र महिनाभर पाठीला भोपळा बांधून ती रोज थोरल्या भावाकडून पोहायला शिकत होती.

आज तिने भोपळ्याची गाठ सोडली.

"गिरजे, राहू दे तो!" केरबादादा पाण्यातून ओरडले. "खाली दोन पुरुष पाणी आहे!"

"महिनाभर भोपळाच पोहतोय, दादा. मी कुठे पोहले?"

भोपळा माझ्या हातात देऊन तिने उडी मारली.

पाणी तिच्यावर मिटलं. मग पलीकडे तिचं पांढरं डोकं वर आलं. एक हात, दुसरा हात, असं करत तिने एकटीने विहिरीला अख्खा फेरा घातला. चाळीस वर्षं जिच्या हातचा चहा पितोय, ती बाई मी आज पहिल्यांदा पाहत होतो.

"अहो, या की आता खरं जगायला!" ती खालून हसली.

"येतो ना," मी म्हणालो. "फक्त वर आलीस की हा तुझा भोपळाही माझ्या पाठीला बांध."